अज्ञानाची मिळकत आणि टिळकांची अठरा वर्षे

लक्ष्मीपूजनाला आपण रुपयाबरोबर वहीचीही पूजा करतो. लक्ष्मी टिकते ती हिशेबाने, हे आपल्या वाडवडिलांनी पक्के ओळखले होते. पण घरचा कर्ता पुरुष अवेळी गेला आणि मागे पोरवयाचा वारस राहिला, तर ती वही कोणी लिहावी? धर्मशास्त्राने बालकाचे धन राखण्याचा भार राजावर टाकला होता. इंग्रजी अमदानीत 1875 च्या कायद्याने अठरा वर्षांखालील माणसाला ‘अज्ञान’ ठरविले आणि 1890 च्या कायद्याने त्याचा पालक नेमण्याचा अधिकार कोर्टाला दिला. तरीही परक्या लेकराची मिळकत सांभाळणे किती जड असते, याचा दाखला पहावयाचा तर पुण्यातील ताई महाराज प्रकरणाकडेच वळले पाहिजे.

वासुदेव हरिहर पंडित ऊर्फ बाबा महाराज हे पुण्याचे पहिल्या प्रतीचे सरदार आणि टिळकांचे स्नेही. 7 ऑगस्ट 1897 रोजी ते वारले. त्या दिवसांत टिळक राजद्रोहाच्या खटल्यात नुकतेच जामिनावर सुटले होते. स्वतःच्या डोक्यावर तुरुंगाची टांगती तलवार असतानाही मरणोन्मुख मित्राचा शब्द त्यांना मोडवला नाही. बाबा महाराजांनी केलेल्या मृत्युपत्रात टिळक, दादासाहेब खापर्डे, कुंभोजकर आदी मंडळी विश्वस्त होती. पत्नी गरोदर होती. मुलगा न झाला, किंवा होऊन न वाचला, तर विश्वस्तांच्या संमतीने तिने दत्तक घ्यावा आणि तो सज्ञान होईपर्यंत स्थावर-जंगम मिळकतीची व्यवस्था विश्वस्तांनी पहावी, असा त्यातील मजकूर होता.

आणि ही पत्नी तरी कोण? ताई महाराज! वय अवघे पंधरा-सोळा. वारस जन्माला यावयाचा होता आणि त्याची आईही कायद्याच्या दृष्टीने अज्ञानच होती. 1898 च्या आरंभी मुलगा झाला, पण तो थोड्याच दिवसांत गेला. इस्टेटीवर कर्ज होते. ते फेडावयाचे तर सरदारी थाटाच्या खर्चाला कात्री लावणे विश्वस्तांना भाग होते. येथेच ठिणगी पडली. आपल्याच वाड्यात आपला हात परक्या पुरुषांनी धरावा, हे त्या मुलीला जाचले असेल, तर तिला दोष तरी काय द्यावा? वारसासाठी राखलेला पैसा तिला आपल्यापासून हिरावलेला वाटला. पालकपणाचे खरे दुखणे हेच. राखणारा आणि बळकावणारा, दोघांचे हात दुरून सारखेच दिसतात.

जून 1901 मध्ये, त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या औरंगाबादेस, जगन्नाथ नावाच्या मुलाचे दत्तविधान झाले. परंतु ताई महाराजांचे मन फिरले. ऑगस्टमध्ये त्यांनी कोल्हापूरकडच्या बाळा महाराजांना दत्तक घेतले. दत्तक दोन झाले, मिळकत मात्र एकच! औरंगाबादेस दत्तविधान झालेच नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. 1902 च्या एप्रिलात पुण्याचे जिल्हा न्यायाधीश अॅस्टन यांनी विश्वस्तांचा प्रोबेट रद्द केला आणि उलट टिळकांवरच फौजदारी खटल्याचा मार्ग मोकळा केला. ऑगस्ट 1903 मध्ये खोटी साक्ष दिल्याबद्दल टिळकांना दीड वर्षाची सक्तमजुरी आणि हजार रुपये दंड झाला. अपिलात शिक्षा सहा महिन्यांवर आली आणि मार्च 1904 मध्ये हायकोर्टाने त्यांना पूर्ण निर्दोष ठरविले.

दुसरा कोणी असता तर येथे हात जोडून मोकळा झाला असता. टिळकांनी जगन्नाथाच्या दत्तकपणाचा दिवाणी दावा मात्र सोडला नाही. खालच्या कोर्टात तो त्यांच्या बाजूने लागला. 1910 मध्ये हायकोर्टाने तो निकाल फिरवला, तेव्हा टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. अखेर मार्च 1915 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलाने औरंगाबादचे दत्तविधान खरे ठरविले. मृत्युपत्रापासून या निकालापर्यंत जवळजवळ अठरा वर्षे लोटली. तेवढ्या काळात एखादे तान्हे मूल सज्ञान होते!

आजचा कायदा अधिक सावध आहे. हिंदू कुटुंबांपुरते सांगायचे तर 1956 च्या कायद्यान्वये नैसर्गिक पालकालाही कोर्टाच्या पूर्वपरवानगीवाचून अज्ञानाची स्थावर मिळकत विकता वा गहाण टाकता येत नाही. तशी विकली, तर सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत मूल तो व्यवहार कोर्टाकडून रद्द करून घेऊ शकते. ‘बापानंतर आई’ या शब्दांचा अर्थ केवळ ‘बापाच्या मृत्यूनंतर’ असा नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये स्पष्ट केले. अज्ञान मालकाला आज जाब विचारता येत नाही, पण तो उद्या विचारणार आहे, हे कायद्याने गृहीत धरले आहे.

मात्र तो उद्याचा दिवस येईपर्यंत मिळकत राखावी लागते ती माणसालाच. म्हणून ज्याच्या हाती कोणा पोरक्याची जमीन, घर वा ठेव असेल, त्याने पै-पैचा हिशेब लिहून ठेवावा आणि आपल्यावर संशय घेतला जाईल हे आधीच धरून चालावे. कृतज्ञतेची अपेक्षा धरणाऱ्याने हे काम पत्करू नये. ज्याच्यासाठी ते करावयाचे, तो अजून लहान असतो.