डोंगर आधी सांगतो का?

३० जुलै २०१४ची सकाळ आठवते ना? आंबेगाव तालुक्यातल्या माळीणला निघालेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना. डोंगर खाली आला होता. दीडशेहून जास्त माणसं गेली. डोंगराखाली राहणाऱ्या बाईच्या मनात तेव्हापासून एकच प्रश्न आहे, डोंगर आधी काही सांगतो का?

सांगतो, पण जमिनीच्या पोटात. मुरलेलं पाणी मातीच्या कणांमध्ये साठतं, त्याचा दाब वाढतो आणि कणांची एकमेकांवरची पकड सुटते. कणकेत पाणी जास्त झालं की गोळा सैल पडतो, तसंच.

हे दुरून ओळखायची युक्ती फार जुनी नाही. २००२ साली अमेरिकेतल्या ग्रेट डक बेटावर शास्त्रज्ञांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत छोटी यंत्रं ठेवली. पक्ष्यांना त्रास न देता बिळातली ऊब नि ओल कळावी, हा हेतू. प्रत्येक यंत्रात मोजणारा संवेदक, बॅटरी आणि इवलासा रेडिओ. तार कुठेच नाही.

पुढे हीच युक्ती आपल्या देशात डोंगरावर आली. केरळातल्या मुन्नारजवळ, पूर्वी दरड कोसळलेल्या उतारावर, अमृता विद्यापीठाच्या डॉ. मनीषा रमेश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं जाळं बसवलं. खोल भोकं पाडून सुमारे ५० संवेदक आणि त्यांना जोडलेली २० बिनतारी यंत्रं. कुणी पाण्याचा दाब मोजतं, कुणी उताराची हालचाल, कुणी पाऊस. शेजारणीकडून शेजारणीकडे निरोप जावा तशी एका यंत्राकडून दुसऱ्याकडे माहिती जाते आणि तिथून उपग्रहामार्फत विद्यापीठात पोचते. जुलै २००९च्या मुसळधार पावसात या जाळ्याच्या आधारे वस्तीला खरोखरचा इशारा दिला गेला.

पण असं जाळं प्रत्येक डोंगरावर नाही. जुलै २०२३मध्ये रायगडच्या इर्शाळवाडीवर रात्री दरड आली, तेव्हा माणसं घरात होती.

म्हणून बायांनो, आपले डोळेही उघडे ठेवूया. उतारावर नवी भेग पडली, झाडं किंवा खांब कलले, झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर थांबू नका. आधी वस्ती सोडा, मग तलाठ्याला आणि तहसील कार्यालयात कळवा. आणि गटाच्या पुढच्या बैठकीत एवढं ठरवा: रात्री इशारा आला, तर कुणी कुणाचं दार वाजवायचं, आणि अंथरुणाला खिळलेल्या आजीला कुणी उचलायचं.