आडतीचं गिऱ्हाईक

लातुरात भाव आडत्या पाडतो, असं खेड्यात सगळेच म्हणतात. माझी हयात आडतीवर मुनीमकीत गेली, तेव्हा मी त्याचीच बाजू घेतोय असं वाटलं तर वाटू द्या. पण शिवारात काय पेरायचं, हे आमच्या गादीवर कधीच ठरलं नाही.

बार्शी लाइट रेल्वेचे अरुंद रूळ १९११ साली लातुरात आले आणि माल कुर्डुवाडीमार्गे मुंबईला जाऊ लागला. गंजगोलाई त्यानंतरची, १९१७ची. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांचा आराखडा, मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती सोळा रस्ते. मुंबईचं गिऱ्हाईक जोडलं गेलं नसतं, तर एवढी पेठ कोणासाठी बांधली असती?

शहराला तूरडाळ हवी पिवळीधमक, सालीचा ठिपका नसलेली. म्हणून आमच्या डाळमिलांतून तशी ‘फटका’ डाळ निघाली. घरच्या जात्यावरची डाळ चवीला सरस, हे माझं मत. बाजारात त्याला कोण विचारतो! २०१५ला तूरडाळ किलोला दोनशेवर गेली. पुढच्या हंगामात शेतकऱ्यानं तूरच तूर पेरली. इकडे सरकारनं मोझांबिकशी आयातीचा करार केलेला. २०१७ला ५,०५० रुपये हमीभावानं तूर घालायला केंद्रांवर रांगा लागल्या आणि बारदानाच संपला.

नांदेडकडे कापसाचं असंच झालं. गिरण्यांना लांब धागा हवा होता, शेतकऱ्याला जास्त उतारा. गावरान कापूस मागे पडला आणि नांदेडच्याच संशोधन केंद्रातला ‘एनएचएच ४४’ संकरित वाण गावोगाव गेला.

सोयाबीनची गोष्ट मात्र न्यारी. आधी खरिपात हायब्रीड ज्वारी असायची. काढणीच्या वेळी पाऊस लागला की कणीस काळं पडायचं. त्यात रेशनवर गहू मिळू लागला, भाकरी कमी झाली. सोयाबीन तीन-साडेतीन महिन्यांत रान मोकळं करतं, मागे हरभरा घेता येतो. पण आमच्याकडे त्याची ना भाकरी होते, ना वरण. तेल कढईत जातं आणि पेंड कोंबडीच्या खाद्यात. म्हणजे औशाच्या शेतकऱ्याचं गिऱ्हाईक कुठल्या तरी पोल्ट्रीतली कोंबडी! २०२१च्या पावसाळ्यात लातुरात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांच्या घरात गेलं. खाद्य परवडेना म्हणून पोल्ट्रीवाले दिल्लीत ओरडले आणि ऑगस्टमध्ये बारा लाख टन जीएम पेंड आयातीला परवानगी मिळाली. नवं पीक येईस्तोवर भाव निम्म्यावर. खुला बाजार म्हणतात तो असा खुला. दार कोणासाठी उघडायचं, ते दिल्लीत ठरतं.

आता पुण्या-मुंबईची साखरेच्या आजाराची माणसं ज्वारी मागतात. चांगल्या दगडी ज्वारीला कधीकधी गव्हापेक्षा चढा भाव मिळतो. तरी खरिपात पेरा सोयाबीनचाच. ज्वारी काढायला माणूस मिळत नाही, राखणीला कोणी बसत नाही, आणि कडबा घालायला दावणीला बैल तरी कुठे उरलेत.