१९ जुलै १९४८ : राज्यघटनेतली एक तारीख

राज्यघटनेचं सहावं कलम उघडा. त्यात एक तारीख सापडेल : १९ जुलै १९४८. पाकिस्तानातून आलेली व्यक्ती या तारखेच्या आधी आली की नंतर, यावर तिचं नागरिकत्व कसं ठरणार हे अवलंबून होतं. हीच तारीख का?

साम्राज्य गेलं की नवं राज्य उभं राहतं, ते सीमा आखतं, मग लोक ती ओलांडतात, असा क्रम आपण गृहीत धरतो. फाळणीत तसं घडलं नाही. रॅडक्लिफ निवाडा १७ ऑगस्ट १९४७ ला जाहीर झाला, तरी ये-जा करायला पासपोर्ट लागत नव्हता. १९४८ मध्ये, दंगलींच्या काळात पश्चिम पाकिस्तानात गेलेले बरेच मुसलमान परतू लागले. तोवर त्यांच्यापैकी अनेकांच्या घरांत तिकडून आलेले हिंदू-शीख निर्वासित राहत होते. दिल्लीत हा प्रश्न चिघळला आणि सरकारने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांना परमिट सक्तीचं केलं. ते लागू झालं १९ जुलै १९४८ ला.

म्हणजे येणाऱ्यांना आवरण्यासाठीचा एक तातडीचा उपाय सोळा महिन्यांत थेट घटनेत जाऊन बसला. सातव्या कलमात तर 'परमिट' हा शब्दच आहे. १ मार्च १९४७ नंतर पाकिस्तानात स्थलांतर केलेली व्यक्ती नागरिक नाही. अपवाद फक्त पुनर्वसनाच्या किंवा कायमच्या परतीच्या परमिटवर आलेल्यांचा.

याची किंमत काय होती, हे 'बिहार राज्य विरुद्ध कुमार अमर सिंग' या १९५५ च्या निकालात दिसतं. एक महिला जुलै १९४८ मध्ये कराचीला गेली आणि डिसेंबरमध्ये तात्पुरत्या परमिटवर आली. पती भारतीय असला तरी सातवं कलम वरचढ ठरतं, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. ती नागरिक ठरली नाही. परमिटवरच्या 'तात्पुरतं' या एका शब्दाला एवढं वजन होतं.

आणि पूर्वेकडे? बंगालच्या सीमेवर ही परमिट पद्धत नव्हतीच; १९५२ च्या ऑक्टोबरात पासपोर्ट आले. एकच राज्य, पण दोन सीमांवर दोन नियम.

त्यामुळे सीमाभागावर विषय घेणार असाल तर नकाशापाशी थांबू नका. अर्ज, परमिट, रद्द केल्याचे शेरे, कोर्टाचे निकाल वाचा. 'राज्याने लोकांना कसं अडवलं?' हा प्रश्न विचाराच. पण 'या लोकांच्या येण्या-जाण्यामुळे राज्याला काय ठरवावं लागलं?' हाही विचारा. नागरिक कोण, याचं उत्तर आधी तयार नव्हतं. ते ये-जा करणाऱ्यांच्या फायलींवर निर्णय देता देता घडत गेलं.