कोरियन दूरचित्रवाणी आणि परदेशी रहिवासी

कोरियन मालिकांविषयी जगभरातील प्रेक्षकांना काय वाटते, यावर गेल्या दोन दशकांत पुष्कळ लिहिले गेले. मात्र, त्याच देशात बिऱ्हाड करून राहणाऱ्या परदेशी नागरिकांना तेथील दूरचित्रवाणी कशी वाटते, हा प्रश्न तुलनेने दुर्लक्षित राहिला. दक्षिण कोरियात वास्तव्यास असलेल्या परदेशी नागरिकांची संख्या २००७ मध्ये प्रथमच दहा लाखांवर गेली. २०१६ मध्ये तिने वीस लाखांचा टप्पा ओलांडला आणि करोनाकाळातील घसरणीनंतर २०२३ च्या अखेरीस ती पुन्हा पंचवीस लाखांवर पोहोचली. कारखान्यांतील कामगार, विवाह करून आलेल्या स्त्रिया, विद्यार्थी, इंग्रजीचे शिक्षक, अमेरिकी सैनिक आणि चीनमधून आलेले कोरियन वंशाचे लोक, असा हा संमिश्र समाज आहे. साहजिकच त्यांची मते एकसारखी नाहीत. तरीही त्यांत एक सूत्र आढळते. मनोरंजनाच्या दर्जाबद्दलच्या त्यांच्या तक्रारी किरकोळ आहेत. खरा आक्षेप आहे तो पडद्यावर आपले जे चित्र रंगवले जाते त्याबद्दल.

वाहिन्यांची जडणघडण

कोरियात दूरचित्रवाणीचे प्रसारण १९५६ मध्ये सुरू झाले. 'केबीएस' या सार्वजनिक संस्थेची वाहिनी ३१ डिसेंबर १९६१ रोजी, तर 'एमबीसी'ची वाहिनी १९६९ मध्ये सुरू झाली. १९८० मध्ये लष्करी राजवटीने प्रसारमाध्यमांचे सक्तीने विलीनीकरण केले. रंगीत प्रसारणही त्याच वर्षाच्या अखेरीचे. १९९१ मध्ये 'एसबीएस' ही खासगी वाहिनी आली, १९९५ मध्ये केबल आली आणि २०११ च्या डिसेंबरमध्ये 'जेटीबीसी'सह चार नव्या सर्वसाधारण वाहिन्यांची भर पडली.

'केबीएस'साठी दरमहा २,५०० वॉन शुल्क आकारले जाते. १९८१ पासून हा आकडा बदललेला नाही. १९९४ पासून ते वीजबिलाबरोबर वसूल होऊ लागले. २०२३ मध्ये ही वसुली वेगळी करण्यात आली. मात्र २०२५ मध्ये संसदेने ती पुन्हा वीजबिलाशी जोडणारा कायदा संमत केला. घरात संच असेल तर परदेशी रहिवाशालाही हे शुल्क चुकत नाही. रक्कम लहान असली तरी, जे कार्यक्रम आपल्याला समजत नाहीत त्यांचे पैसे आपण का भरावेत, ही नवागतांची जुनी कुरकुर आहे.

आधीच्या पिढीतील इंग्रजी जाणणाऱ्या परदेशीयांना या वाहिन्यांकडे वळण्याची फारशी गरजच नव्हती. अमेरिकी सैन्याची 'एएफकेएन' ही वाहिनी १९५७ पासून चालू होती आणि ती छावणीबाहेरच्या संचांवरही दिसत असे. असंख्य कोरियन तरुणांनी त्यावरच इंग्रजीचे धडे गिरवले. १९९६ मध्ये तिला आपला जुना दोन क्रमांकाचा चॅनेल सोडावा लागला. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९९७ मध्ये, 'आरिरांग' ही कोरियाची स्वतःची इंग्रजी वाहिनी सुरू झाली. उपशीर्षकांसह मालिका दाखवणारी ही वाहिनी अनेक परदेशी रहिवाशांना कोरियन मालिकांच्या दारापर्यंत घेऊन गेली. बातम्यांबाबत मात्र ती देशाची चांगली बाजूच अधिक दाखवते, असे मत त्यांच्यात वारंवार व्यक्त होत आले.

भाषेचा अडसर आणि भाषेची शाळा

कोरियन शिकू पाहणाऱ्यांच्या दृष्टीने तेथील करमणुकीच्या कार्यक्रमांचे एक वैशिष्ट्य फार उपयोगाचे ठरते. या कार्यक्रमांत पडद्यावर सतत ठळक, रंगीत अक्षरे उमटतात. कोण काय बोलले, कोण मनात ओशाळला, एवढेच नव्हे तर दार कसे धाडकन आपटले, हेही लिहून दाखवले जाते. कोरियन लिपी शिकायला सोपी असल्याने नवशिक्याला ऐकू आलेला शब्द लगेच डोळ्यांसमोर सापडतो. हाच प्रकार इतरांना डोकेदुखी वाटतो. कुठे हसायचे हेही वाहिनीच सांगणार असेल तर प्रेक्षकाने काय करायचे, असा त्यांचा सवाल असतो.

सोमवार ते शुक्रवार रोज संध्याकाळी चालणाऱ्या कौटुंबिक मालिकांचा उपयोग वेगळा आहे. त्यांची भाषा स्वयंपाकघरातील, दिवाणखान्यातील आणि दुकानातील असते, आणि कथानक इतक्या संथ गतीने सरकते की दोन-तीन भाग हुकले तरी बिघडत नाही. व्हिएतनाम, फिलिपिन्स किंवा कंबोडियातून लग्न होऊन आलेल्या सुनेने सासूशेजारी बसून या मालिका पाहाव्यात आणि त्यातून भाषेबरोबर घराच्या चालीरीतीही शिकाव्यात, हे ग्रामीण कोरियातील परिचित दृश्य आहे.

इंग्रजी उपशीर्षकांवर अवलंबून असलेल्यांच्या पदरी मात्र अर्धाच आशय पडतो. कोरियन भाषेत समोरच्याचे वय आणि मान पाहून क्रियापदाचे रूप बदलते. नाव घेण्याऐवजी थोरला भाऊ, थोरली बहीण, मावशी अशी नाती लावून हाक मारली जाते. दोन पात्रे आदरार्थी भाषा सोडून एकेरीवर आली, की नाते बदलल्याचे कोरियन प्रेक्षकाला तत्काळ उमगते. इंग्रजीत ते सारे एकाच शब्दात विरघळते. 'तू', 'तुम्ही' आणि 'आपण' यांतील अंतर जाणणाऱ्या, दादा-ताई-वहिनी म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. कर्ता, कर्म आणि शेवटी क्रियापद हा वाक्याचा क्रमही दोन्ही भाषांत सारखाच आहे.

काय रुचते, काय खटकते

सोळा ते वीस भागांत संपणारी मालिका ही कोरियन दूरचित्रवाणीची सर्वांत जास्त वाखाणली जाणारी बाब आहे. वर्षानुवर्षे रेंगाळणाऱ्या मालिकांच्या देशांतून आलेल्यांना ही आटोपशीर रचना आवडते. जन्माचे रहस्य, स्मृतिभ्रंश, श्रीमंत घराण्याचा वारस आणि त्याची करारी आई, या ठरावीक साच्यांना मात्र नावे ठेवली जातात. अतिरंजित कथानकांसाठी खुद्द कोरियन प्रेक्षकांनीच 'माकजांग' हा शब्द रूढ केला आहे.

सिगारेट, गोंदण किंवा चाकूचे पाते पडद्यावर धूसर करण्याची पद्धतही परदेशीयांना बुचकळ्यात टाकते. मारहाण स्पष्ट दाखवायची आणि सुऱ्याचे पाते झाकायचे, यातील तर्क त्यांना उमगत नाही. जाहिरातींचेही तसेच. प्रमुख वाहिन्यांना कार्यक्रमाच्या मध्येच जाहिराती दाखवण्याची मुभा अनेक दशके नव्हती. ती जुलै २०२१ मध्ये मिळाली. तत्पूर्वी एकाच भागाचे 'पहिला' व 'दुसरा' असे तुकडे पाडून वाहिन्यांनी पळवाट काढली होती. शिवाय, २०१० पासून कार्यक्रमातच वस्तूंची जाहिरात करण्यास अधिकृत मान्यता मिळाल्याने नायक-नायिका एकाच साखळीच्या कॉफीगृहात वारंवार भेटू लागले. २०१६ मध्ये नेटफ्लिक्स कोरियात आल्यावर उपशीर्षकांची अडचण बरीच हलकी झाली. तथापि, बातम्या, चर्चा आणि रोजच्या मालिका अद्याप मुख्यतः कोरियन जाणणाऱ्यांसाठीच आहेत.

पडद्यावरचा परदेशी

एकविसाव्या शतकाच्या आरंभी परदेशी रहिवासी स्वतःच कार्यक्रमांचा विषय झाले. २००३ मध्ये 'एमबीसी'च्या एका कार्यक्रमाने आशियाई कामगारांच्या कुटुंबीयांना कोरियात आणून त्यांची भेट घडवली आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले. २००४ मध्ये 'केबीएस'वरील एका कोरियन विनोदवीराने 'ब्लांका' नावाच्या श्रीलंकन कामगाराची भूमिका केली. 'साजांगनिम नाप्पायो', म्हणजे 'मालक वाईट आहेत', हे त्याचे पालुपद देशभर गाजले. थकलेले वेतन आणि मालकांची अरेरावी यांकडे त्यामुळे लक्ष वेधले गेले, हे खरे. परंतु मोडके कोरियन बोलणारा कामगार हा हसण्याचा विषयही झाला आणि शाळेतील मुले तेच वाक्य वापरून दक्षिण आशियाई माणसांना चिडवू लागली.

२००५ मध्ये 'लव्ह इन एशिया' या कार्यक्रमाने विवाहित स्थलांतरित स्त्रियांची घरे दाखवण्यास सुरुवात केली. माहेरचे दारिद्र्य आणि आनंदाश्रू यांपलीकडे तो फारसा जात नाही, अशी टीका झाली. २००६ च्या अखेरीस आलेल्या 'मिसुदा' या गप्पांच्या कार्यक्रमात कोरियात राहणाऱ्या परदेशी तरुणी कोरियन भाषेतून बोलत. परदेशी व्यक्ती अस्खलित कोरियन बोलू शकते, ही गोष्ट त्याने घराघरांत पोहोचवली. मात्र निवडीचा निकष सौंदर्य होता, आणि प्रश्न बहुधा कोरियन पुरुष व कोरियन जेवण यांभोवती फिरत. २०१४ मध्ये 'जेटीबीसी'ने सुरू केलेल्या 'नॉन-समिट'मध्ये निरनिराळ्या देशांचे तरुण रोजगार, विवाह, शिक्षण अशा विषयांवर वाद घालू लागले. भारतातर्फे त्यात 'लकी' या नावाने परिचित असलेले अभिषेक गुप्ता होते. परदेशी माणसाला मत असू शकते, हे येथे बऱ्याच अंशी मान्य झाले.

टीकेची किंमत

यजमानाच्या ताटाला पाहुण्याने नावे ठेवू नयेत, ही अपेक्षा मात्र सुटली नाही. 'मिसुदा'तील जर्मन सहभागी वेरा होलाइटर यांनी २००९ मध्ये सेऊलमधील वास्तव्याविषयी जर्मन भाषेत पुस्तक लिहिले. त्यातील टीकात्मक मजकुराची बातमी कोरियात पोहोचताच त्यांच्यावर संतापाची झोड उठली. २०१२ मध्ये 'एमबीसी'ने परदेशी पुरुष आणि कोरियन स्त्रिया यांच्या संबंधांचे 'धक्कादायक वास्तव' सांगणारा वृत्तांत दाखवला, तेव्हा परदेशी रहिवाशांनी एकत्र येऊन निषेध नोंदवला. २०१७ मध्ये 'एसबीएस'च्या विनोदी कार्यक्रमात चेहऱ्याला काळा रंग फासून सादर केलेल्या प्रवेशावर कोरियात स्थायिक झालेले ऑस्ट्रेलियन विनोदवीर सॅम हॅमिंग्टन यांनी जाहीर टीका केली. वाहिनीने क्षमा मागून तो प्रवेश हटवला.

तीनच वर्षांनी नेमके उलटे घडले. शाळकरी मुलांनी काळे रंगवलेल्या चेहऱ्यांनी छायाचित्र काढल्याबद्दल घानाचे सॅम ओक्येरे यांनी ऑगस्ट २०२० मध्ये आक्षेप घेतला. त्यांच्याच विरोधात इतका गदारोळ झाला की क्षमा त्यांना मागावी लागली. आक्षेप एकाच प्रकारचा होता; आक्षेप घेणाऱ्यांपैकी एक गोरा आणि दुसरा काळा होता, ही बाब परदेशी रहिवाशांच्या नजरेतून सुटली नाही. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनप्रसंगी युक्रेनची ओळख चेर्नोबिलच्या छायाचित्राने करून दिल्यामुळे 'एमबीसी'च्या अध्यक्षांना जाहीर माफी मागावी लागली. त्या वेळीही कोरियात राहणारे परदेशी बोलण्यात आघाडीवर होते.

स्वतःचा कॅमेरा

आपले चित्र दुसऱ्याने रंगवण्याची वाट न पाहता काही स्थलांतरितांनी स्वतः कॅमेरा हाती घेतला. २००५ मध्ये सेऊलमध्ये सुरू झालेल्या 'मायग्रंट वर्कर्स टीव्ही'ने कामगारांसाठी त्यांच्याच भाषांत बातम्या दिल्या. कामावरील अपघात, थकलेला पगार, व्हिसाचे नियम हे विषय मोठ्या वाहिन्यांना दुय्यम होते. येथे तेच मुख्य होते. या उपक्रमाच्या अग्रणींपैकी एक, नेपाळचे मिनोद मोक्तान, १९९२ पासून कोरियात होते. वैध कागदपत्रांअभावी त्यांना ऑक्टोबर २००९ मध्ये देशाबाहेर पाठवण्यात आले. २०१८ मध्ये त्यांच्यावरील माहितीपटाच्या निमित्ताने त्यांना अल्पकाळ कोरियात येता आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेपाळमध्ये त्यांचे निधन झाले. दुसरीकडे, 'लव्ह इन एशिया'तून परिचित झालेल्या, मूळच्या फिलिपिन्सच्या जॅस्मिन ली २०१२ मध्ये कोरियन संसदेवर निवडल्या गेल्या. पडद्यावरची ओळख एकाला वाचवू शकली नाही आणि दुसरीला संसदेपर्यंत घेऊन गेली.

२०२१ च्या 'स्क्विड गेम'मध्ये अली या पाकिस्तानी कामगाराची भूमिका दिल्लीच्या अनुपम त्रिपाठी यांनी केली. ते २०१० पासून कोरियात नाट्यशिक्षण घेत होते. अली अतिभोळा आणि आज्ञाधारक दाखवला, हा आक्षेप याही वेळी घेतला गेला. तरीही ब्लांकापासूनचे अंतर लक्षात येण्याजोगे आहे. आता कामगाराची भूमिका रंग फासलेल्या कोरियन नटाकडे नव्हती आणि त्याचा थकलेला पगार हा विनोद राहिला नव्हता. अली सहकाऱ्याला 'साजांगनिम' म्हणत राहतो आणि तो सहकारी त्याला सांगतो, 'ह्याँग' म्हण, म्हणजे दादा म्हण. पुढे हाच दादा त्याचा घात करतो. कारखान्यात रोज 'साजांगनिम' म्हणणाऱ्या प्रेक्षकाला त्या प्रसंगासाठी उपशीर्षकांची गरज पडली नसणार.