डॉज व्हायपर

डॉज व्हायपर ही अमेरिकेतील क्रायस्लर समूहाने बनवलेली दोन आसनी स्पोर्ट्‌स कार आहे. मध्ये काही काळ खंड पडला असला, तरी १९९२ ते २०१७ या काळात तिचे उत्पादन झाले. दहा सिलिंडरांचे मोठे इंजिन पुढे आणि चालना मागच्या चाकांना, ही तिची रचना अखेरपर्यंत कायम राहिली. चालकाला मदत करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणा स्पोर्ट्‌स कारमध्ये असाव्यात की नसाव्यात, या वादात व्हायपरचे उदाहरण हमखास दिले जाते.

पार्श्वभूमी

क्रायस्लरचे अधिकारी बॉब लुट्झ यांना १९६० च्या दशकातील कोब्रा या गाडीची आधुनिक आवृत्ती हवी होती. कोब्राचे जनक कॅरोल शेल्बी हेही या प्रकल्पाशी जोडलेले होते. जानेवारी १९८९ मध्ये डेट्रॉइटच्या वाहन प्रदर्शनात नमुना गाडी मांडण्यात आली. इंजिनाचा ॲल्युमिनियमचा ठोकळा विकसित करण्यासाठी तेव्हा क्रायस्लरच्याच मालकीच्या असलेल्या लँबोर्गिनीचे साहाय्य घेण्यात आले.

पहिली पिढी

१९९२ च्या आरटी/१० मध्ये ८ लिटरचे, ४०० अश्वशक्तीचे इंजिन होते आणि गाडीचे वजन सुमारे दीड टन होते. तिला एबीएस नव्हते, एअरबॅग नव्हत्या, ट्रॅक्शन कंट्रोल नव्हते. बाहेरून दार उघडण्याची मूठ आणि खिडक्यांना काचाही नव्हत्या. धुराच्या नळ्या दारांखालून जात असल्याने उतरताना पाय भाजण्याची भीती असे. या उणिवा खर्च वाचवण्यासाठी आलेल्या नव्हत्या, किंवा निदान केवळ त्यासाठी नव्हत्या. चालक आणि रस्ता यांच्यामध्ये काही येऊ नये, हीच त्यामागची कल्पना होती.

तिची किंमतही दिसून येई. वळणावर ॲक्सिलरेटर जरा जास्त दाबला की मागची रुंद चाके घसरत आणि सावरण्याचे सर्व काम चालकाच्या हातांवर पडे. एबीएस नसल्यामुळे थांबण्याचे अंतर हा तिचा दुबळा भाग मानला जाई. १९९६ च्या जीटीएस कूपेसोबत एअरबॅग आल्या. एबीएस मात्र २००१ मध्ये आले. इंजिनाची शक्ती पुढे २००३ मध्ये ५०० आणि २००८ मध्ये ६०० अश्वशक्तीपर्यंत गेली, तरी स्थैर्य नियंत्रण यंत्रणा बसवली गेली नाही.

स्थैर्य नियंत्रण

ही यंत्रणा १९९५ मध्ये बॉश आणि मर्सिडीज-बेंझ यांनी बाजारात आणली. स्टिअरिंग किती वळवले आहे आणि गाडी प्रत्यक्षात किती वळते आहे, याची ती सतत तुलना करते. दोन्हींत तफावत आढळल्यास ती एखाद्याच चाकाला ब्रेक लावते व गरज पडल्यास इंजिनाचा जोर कमी करते. चारांपैकी एकाच चाकाला ब्रेक लावणे कितीही निष्णात चालकाला शक्य नाही, कारण त्याच्यापाशी ब्रेकचा पेडल एकच असतो. ‘कुशल चालकाला यंत्रणेची गरज नाही’ या युक्तिवादात हा मुद्दा बहुधा निसटतो. विरोधकांचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्रणा चूक झाकते, त्यामुळे आपण मर्यादेच्या किती जवळ आहोत हे चालकाला कळत नाही. शिवाय टायरची पकड संपल्यावर कोणतीही यंत्रणा ती निर्माण करू शकत नाही.

कायद्याचा परिणाम

अमेरिकेने २००७ मध्ये मंजूर केलेल्या मानक क्र. १२६ नुसार सप्टेंबर २०११ पासून नव्या हलक्या वाहनांत स्थैर्य नियंत्रण अनिवार्य झाले. व्हायपरचे उत्पादन २०१० मध्ये थांबले होते. २०१३ सालचे प्रारूप म्हणून ती ६४० अश्वशक्तीसह परतली, तेव्हा तिच्यात प्रथमच ही यंत्रणा होती. जीटीएस आवृत्तीत तिच्या चार पातळ्या होत्या आणि शर्यतीच्या मार्गासाठी ती पूर्ण बंदही करता येई. त्यामुळे जुन्या चाहत्यांच्या तक्रारीतील बराचसा जोर ओसरला.

ऑगस्ट २०१७ मध्ये डेट्रॉइटच्या कॉनर ॲव्हेन्यू कारखान्यात उत्पादन कायमचे बंद झाले. घटलेल्या विक्रीबरोबरच बाजूच्या पडदा-एअरबॅगविषयीचा नवा नियम हेही त्याचे एक कारण सांगितले जाते. व्हायपरच्या अरुंद कक्षात त्यांना जागा नव्हती.