अफवा आणि पुरावा

पुरावा समोर असतांनाही मनुष्य अफवेवर विश्वास कां ठेवतो?

१८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला, तेव्हां अधिकाऱ्यांनीं रोग्यांना सक्तीनें इस्पितळांत नेण्यास आरंभ केला. तेथें रोग्यांना ठार मारतात, अशी वदंता उठली. ऑक्टोबर महिन्यांत गिरणीकामगारांनीं आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. प्लेगची लस शोधणारे हाफकिन यांनीं १० जानेवारी १८९७ रोजीं ती स्वतःस टोचून घेतली. पुढें भायखळ्याच्या तुरुंगांत लस टोचलेल्या बंद्यांत रोगी कमी आढळले. तरी लोकांचा संशय फिटला नाहीं. कारण पुरावा देणारा हात आणि सक्ती करणारा हात त्यांना एकच वाटत होता.

ही जुनी, दूरची गोष्ट म्हणून सोडूं नये. आमच्याच खानदेशांत, साक्री तालुक्यांतील राईनपाडा येथें १ जुलै २०१८ रोजीं, मुलें पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानें नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच निरपराध पुरुष ठार केले. ही अफवा मोबाईलवरून फिरत होती. तेथें सक्ती नव्हती, परकी सत्ताही नव्हती. ‘कोणाचें मूल हरवलें?’ हा साधा प्रश्न त्या जमावाला थांबवूं शकला असता.

पुरावा मागण्याची ही संवय शाळेआधीं घरींच लागली पाहिजे.