'८ एमएम केएफ'

रायपूरला येऊन महिना झाला नसेल, एक निवृत्त सुभेदारसाहेब भेटायला आले. घराणं मूळचं नागपूरकडचं. इकडे मराठी माणूस नवा नाही, छत्तीसगड नागपूरकर भोसल्यांच्या अमलात होतं तेव्हापासून आहे. चहा झाल्यावर त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि त्यात गुंडाळलेली पितळेची रिकामी पुंगळी टेबलावर ठेवली.

त्यांच्या थोरल्या भावाच्या नावावर एक रायफल होती. भाऊ वारला, रायफल जमा झाली, वारस म्हणून यांनी अर्ज केला. लायसन्सवर नोंद '.३१५ बोर', पण पुंगळीच्या बुडावर ठसा '८ एमएम केएफ'. कागदावर शेरा पडला: बोर जुळत नाही. वर कुणा जाणकाराने तोंडी भर घातली, की ही .३०३ ची पुंगळी कापून घरी बनवलेली दिसते, म्हणजे रायफलीतही फेरफार असणार.

"साहेब, थ्री-नॉट-थ्रीवर मी फायरिंग शिकलो. हे ते नाही. रायफल मिळो न मिळो, पण गेलेल्या माणसावर आळ नको."

शंका अगदीच खुळी नव्हती. कारखान्यातल्या काडतुसाची पुंगळी घेऊन तिची मान आवळायची, रुंदवायची किंवा लांबी कापायची आणि वेगळ्या मापाची गोळी बसवायची, हा उद्योग हौशी नेमबाज जगभर करत आले आहेत. अशा काडतुसाला 'वाइल्डकॅट' म्हणतात. ते कुठल्याही अधिकृत यादीत नसतं, म्हणून ओळखायला अवघड.

मी व्हर्नियर मागवला. लांबी ५० मिलिमीटर. .३०३ ची असते ५६. पण लांबीवरून काहीच सिद्ध होत नाही, कारण पितळ कापता येतं. मानही बदलता येते. बदलता येत नाही ते बूड. .३०३ चं बूड, कडेच्या जरा वर, साधारण ११.७ मिलिमीटर भरतं. इथे साडेबाराच्या आसपास आलं. उडालेली पुंगळी थोडी फुगते हे खरं, पण बुडाशी इतकी फुगली असती तर फुटलीच असती. म्हणजे .३०३ कापून हे झालेलं नाही.

राहिला ठसा. 'केएफ' म्हणजे आपली खडकीची ॲम्युनिशन फॅक्टरी, पुण्याची, १८६९ पासूनची. आणि '८ एमएम'? एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. आठला त्याने भागा: ०.३१५. लायसन्सने माप इंचात सांगितलं होतं, खडकीने मिलिमीटरमध्ये. भांडण एवढंच होतं!

पण एकाच काडतुसाला दोन नावं का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. हिंदी माणसाच्या हाती हत्यार असावं की नाही, याचं उत्तर लिटनच्या काळातल्या १८७८ च्या शस्त्र कायद्याने दिलं. त्यापुढची काळजी अशी, की खासगी बंदुकीला लष्करी काडतूस चालता कामा नये. नाहीतर चोरलेला दारूगोळा कुठेही खपेल. १९०७ मध्ये हिंदुस्थानात .४५० बोरच्या रायफली आणण्यावर बंदी आली, कारण जुन्या मार्टिनी-हेन्रीचा बोर तोच. विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी निमूटपणे .४७० आणि .४६५ काढल्या. हत्ती-वाघांना काय फरक पडला असेल तो पडो!

.३०३ च्या बाबतीत तोडगा ऑस्ट्रियातून आला. तिथल्या सैन्याचं १८९० च्या सुमाराचं मानलिकर काडतूस, ८ मिलिमीटर बोर, ५० मिलिमीटर पुंगळी. इशापूरच्या कारखान्याने ली-एनफिल्डच्या धाटणीच्या बोल्टला त्या मापाची नळी जोडून नागरिकांसाठी .३१५ रायफल केली. परक्या सैन्याचं काडतूस इथे शेतराखणीचं झालं. स्वातंत्र्यानंतरही ते टिकलं, कारण आपल्या कायद्यातही .३०३ निषिद्ध बोर आणि .३१५ अनिषिद्ध, असाच भेद राहिला.

याच संशयातून इशापूरला .४१० मस्केटही निघाली. .३०३ रायफलीची नळी बिनआट्यांची केली, मॅगझिनच्या जागी लाकडी ठोकळा बसवला, आणि काडतूस म्हणजे .३०३ चीच पुंगळी, पण मान न काढता सरळ ठेवलेली. पहारेकऱ्यांच्या हातची रायफल कुणी पळवली तरी एका वेळी एकच बार. वाइल्डकॅटच म्हणायचं तर मी याला म्हणेन, फक्त सरकारी शिक्क्याचं. सुभेदारसाहेबांच्या भावाचं काडतूस मात्र सरळ कारखान्यातून आलेलं होतं.

अर्थात ही माझी मापं झाली. रायफल बघून निकाल द्यायचा तो शस्त्रतज्ज्ञानेच, म्हणून मापं आणि ठशाचा अर्थ एवढंच अर्ध्या पानात टाइप करून दिलं, आणि तपासणीची मागणी करा असं सुचवलं. टिपण इंग्रजीत होतं. सुभेदारसाहेबांनी ते उभ्यानेच दोनदा वाचलं, पुंगळी पुन्हा रुमालात बांधली.

"साहेब, एक हिंदीतही द्या. बाबूला वाचता आलं पाहिजे. आणि वहिनीलाही."